ग्वाल्हेरच्या दोन डिग्रीत बर्फ का नाही, आणि बफेलोच्या सात फुटांत जीव कशाने जातो

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका ताईंचा प्रश्न आहे, तो थोडक्यात असा. लेकीला अमेरिकेत बफेलोला एम.एस.साठी प्रवेश मिळालाय, जानेवारीच्या सत्राला ती जाईल. तिथे एकेका वादळात सहा-सात फूट बर्फ पडल्याचे व्हिडिओ पाहून घरात सगळ्यांची झोप उडाली आहे. त्यात यजमानांचं म्हणणं, "जाण्याआधी पोरीला बर्फ काय असतो ते बघू तरी दे", म्हणून डिसेंबरच्या शेवटी स्वतःच्या गाडीने मनालीचा बेत. ताई विचारतात: ग्वाल्हेरचा पारा दोन-तीनपर्यंत उतरतो, तरी इथे बर्फ का पडत नाही? पृथ्वी तापतेय म्हणतात, मग बर्फाचे विक्रम कसे मोडतात? आणि मुलीला काय शिकवून, काय घेऊन देऊन पाठवावं?

मी हवाई दलाच्या हवामान शाखेत होतो. श्रीनगर, लेह आणि शेवटी आपल्या ग्वाल्हेरचा महाराजपूर तळ. वैमानिकांना उड्डाणाआधी हवा कशी आहे आणि कशी होणार ते सांगायचं, हे काम. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी शेवटच्या प्रश्नाचा गाभा सांगतो, कारण घाबरायचं कशाला हे त्यावर ठरतं. व्हिडिओत दिसतात ते फूट, पण या वादळांत माणसं मरतात ती बहुतेक फुटांमुळे मरत नाहीत. बफेलोचंच एका हिवाळ्यातलं उदाहरण घ्या. १६ ते २० नोव्हेंबर २०२२ या दिवसांत शहराच्या दक्षिणेकडच्या हॅम्बर्ग, ऑर्चर्ड पार्क या उपनगरांत सुमारे ८० इंच, म्हणजे दोन मीटर बर्फ पडला. गाड्या दिसेनाशा झाल्या, दार उघडलं की समोर पांढरी भिंत. तरी मृत्यू अगदी मोजके, आणि त्यातले दोघे बर्फ उपसताना हृदयविकाराने गेलेले. पाच आठवड्यांनी, २३ डिसेंबरला, दुसरं वादळ आलं. बफेलो विमानतळावर त्यात ५१.९ इंच बर्फ मोजला गेला, म्हणजे नोव्हेंबरच्या त्या आकड्यापेक्षा दोन फुटांहून जास्त कमी. या वादळात एकट्या ईरी काउंटीत, म्हणजे बफेलोच्या जिल्ह्यात, ४७ जण गेले.

फरक वाऱ्याचा होता. डिसेंबरच्या वादळात झोत ताशी १०० कि.मी.च्या वर गेले, पारा काही तासांत गडगडला आणि विमानतळावर सलग ३७ तास हाताच्या अंतरापलीकडचं धड दिसत नव्हतं. रुग्णवाहिका अडकल्या, त्यांना काढायला निघालेली वाहनंही अडकली. कुणी गाडीत गेलं, कुणी पायी घर गाठताना रस्त्यात, कुणी वीज गेलेल्या घरात गारठून, कुणी मदत पोचली नाही म्हणून. गाडी चालवायला बंदीचा हुकूम सकाळी निघाला तोवर बरीच माणसं कामावर पोचलेली होती. हा उशीर झाला म्हणून नंतर प्रशासनावर पुष्कळ टीका झाली, आणि ती रास्तच होती.

अमेरिकन हवामान खात्याची 'ब्लिझर्ड'ची व्याख्याच बघा. वारा ताशी ५६ कि.मी. किंवा जास्त, दृश्यता ४०० मीटरपेक्षा कमी, आणि ही स्थिती किमान तीन तास टिकलेली. किती बर्फ पडला पाहिजे याची त्यात अटच नाही. आकाश निरभ्र असलं आणि जमिनीवर पडलेलाच बर्फ उडत असला तरी ते ब्लिझर्ड. बफेलोच्या जुन्या लोकांना विचाराल तर ते १९७७ च्या वादळाचं नाव काढतील. त्या वर्षी ईरी सरोवर डिसेंबरच्या मध्यालाच गोठलं होतं आणि त्याच्या सपाट पाठीवर महिनाभर भुसभुशीत बर्फ साचत गेला होता. २८ जानेवारीला वारा सुटला. त्या चार-पाच दिवसांत वरून पडला तो जेमतेम फूटभर. बाकी सगळा सरोवरावरून उचलून वाऱ्याने शहरात आणून टाकला. घरांच्या छपरांपर्यंत ढीग लागले, त्या भागात २९ बळी गेले.

म्हणून लेकीला पहिली गोष्ट ही सांगा: तिथला अंदाज वाचताना किती इंच हे नंतर बघ, आधी वारा किती आणि पारा कुठे जाणार ते बघ.

आता हे सात फूट येतात कुठून? ईरी सरोवर जवळजवळ ३९० कि.मी. लांब, नैऋत्येकडून ईशान्येकडे पसरलेलं, आणि बफेलो त्याच्या पूर्व टोकाला. नोव्हेंबरात पाणी अजून कोमट असतं, आठ-दहा अंशांचं. त्यावरून कॅनडाकडची उणे तापमानाची कोरडी हवा वाहू लागली की खालून तिला ऊब आणि वाफ दोन्ही मिळतात. आम्ही लोक एक आडाखा धरतो: पाण्याचा पृष्ठभाग आणि दीड कि.मी. उंचीवरची हवा यांत १३ अंशांहून जास्त फरक पडला की ढग उसळायला लागतात. वारा नेमका सरोवराच्या लांबीने वाहत असेल तर त्या हवेला शेकडो कि.मी. पाण्यावरून प्रवास मिळतो आणि एकच अरुंद, दाट पट्टा तयार होतो. रुंदी कधी पंधरा, कधी पंचवीस कि.मी. वाऱ्याची दिशा बदलेपर्यंत हा पट्टा एकाच जागी ओतत राहतो, तासाला दोन-तीन, कधी चार इंच. त्यात वीजही कडाडते. नोव्हेंबर २०१४ मध्ये शहराच्या दक्षिण भागात पाच फुटांच्या वर बर्फ साचला आणि उत्तरेला काही कि.मी.वर लोक चार इंच झाडून कामाला गेले. वारा दहा अंश इकडे की तिकडे, एवढ्यावर कुणाच्या दारात भिंत उभी राहणार हे ठरतं. पूर्वानुमान करणाऱ्याच्या दृष्टीने याहून छळणारा प्रकार दुसरा नाही.

ईरी हे पाच महासरोवरांतलं सगळ्यात उथळ, त्यामुळे लवकर गोठतं. गोठलं की वाफेचा पुरवठा बंद. तुमची लेक जानेवारीत उतरेल तेव्हा सरोवर गोठलेलं आहे की मोकळं, यावर तिचा पहिला महिना कसा जाईल हे बरंचसं अवलंबून आहे.

हेच यंत्र जपानमध्ये याहून मोठ्या प्रमाणावर चालतं. सैबेरियाची हवा जपानच्या समुद्रावरून वाफ पिऊन येते आणि पुढे डोंगराला धडकते. आओमोरी भागात सुकायू ओन्सेन नावाचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं ठिकाण आहे, तिथे फेब्रुवारी २०१३ मध्ये जमिनीवर ५६६ सें.मी. बर्फ होता. इबुकी डोंगरावर १४ फेब्रुवारी १९२७ ला मोजलेली ११८२ सें.मी. ही खोली तर जगात सर्वाधिक मानतात. ध्रुवाच्या आसपास बर्फाचे विक्रम होत नाहीत, ते होतात जिथे थंडीला भरपूर ओल भेटते तिथे.

इथे ग्वाल्हेरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आलं. लेहला हिवाळ्यात पारा उणे वीसपर्यंत जातो, तरी तिथे वर्षभराचं सगळं मिळून पाणी सुमारे १०० मि.मी.; आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या एखाद्या जोरदार दिवसात तेवढं पडून जातं. नुसत्या थंडीने बर्फ पडायचा असता तर लेहचे लोक छपरापर्यंत गाडले गेले असते.

ग्वाल्हेरचं गणित असं आहे. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे ढग-पाऊस आणणाऱ्या हवेच्या लाटा येतात, महिन्याला साधारण चार ते सहा. विक्षोभ आला की ढग येतात, कधी मावठ, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस होतो, आणि त्या दिवसांत आपला रात्रीचा पारा उलट वर जातो, दहा-बाराला. ढग रजईसारखे जमिनीची ऊब धरून ठेवतात. विक्षोभ पुढे सरकला, हिमाचल-काश्मीरवर बर्फ टाकून गेला, की मागून वायव्येचा कोरडा वारा उतरतो, आकाश स्वच्छ होतं, आणि मग तिसऱ्या-चौथ्या रात्री ग्वाल्हेरलगतच्या मुरारच्या मोकळ्या शेतांत सकाळी गवतावर दव गोठल्याचा पांढरा थर दिसतो. म्हणजे ज्या रात्री दोन डिग्री असते त्या रात्री वर ढग नसतो आणि ज्या दिवशी ढग असतो त्या दिवशी खाली दोन डिग्री नसते. दोघांची गाठ पडत नाही. "सिमल्याला बर्फ पडला, आता दोन दिवसांनी इकडे गारठा" असं म्हातारी माणसं म्हणतात ते अगदी बरोबर आहे.

आणि गंमत सांगू? मावठीचा पाऊस बऱ्याचदा वर बर्फच असतो. हिवाळ्यात आपल्या डोक्यावर शून्य अंशाची पातळी साधारण तीन कि.मी. उंचीच्या आसपास असते. तिच्यावर ढगात रीतसर सहा टोकांचे स्फटिक बनतात, एकमेकांना चिकटून त्यांचे कापसासारखे पुंजके होतात, खाली यायला लागतात आणि ती पातळी ओलांडली की वितळून थेंब होतात. सिमला सव्वादोन हजार मीटरवर आहे. जोरदार विक्षोभात शून्याची पातळी तेवढी खाली उतरली की तिथे बर्फ, नाहीतर त्यांनाही पाऊसच. ग्वाल्हेर समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर, पुंजक्यांना वितळायला वाटेत भरपूर वेळ.

मग दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये "ग्वालियर में बर्फबारी" म्हणून फिरणारे व्हिडिओ? ती गारपीट. शेत पांढरं दिसतं, पण तो वेगळा प्राणी आहे. बर्फ शांत, पसरट ढगातून पडतो. गारा उभ्या वादळी ढगातून, जिथे वर जाणारा वारा इतका जोरदार असतो की थेंबाला गोठवत वर झेलत राहतो. पुढच्या वेळी अंगणात मोठी गार सापडली तर सुरीने मधोमध कापून उजेडाकडे धरा. आत वर्तुळं दिसतील, एक काचेसारखं पारदर्शक, एक दुधाळ, पुन्हा पारदर्शक. पाणी सावकाश गोठलं तिथे हवेचे बुडबुडे निसटले आणि थर काचेसारखा झाला. झटकन गोठलं तिथे बुडबुडे अडकून दुधाळ. हिमाच्या पुंजक्यात असलं काही नसतं. मोहरी आणि गहू लोळवणाऱ्या गारांना कुणी हौसेने बर्फबारी म्हणू लागलं की मला राग येतो. शेतकऱ्याचं वर्ष गेलेलं असतं आणि इकडे त्याच्यावर रील बनते.

विक्रमांबद्दल थोडं. बर्फ मोजणं पावसाइतकं सरळ नाही, कारण तो पडल्यापासून दबायला लागतो. पद्धत अशी: पांढरा रंग दिलेली प्लायवूडची फळी वाऱ्याच्या आडोशाला जमिनीलगत ठेवायची, ठरलेल्या वेळी त्यावर पट्टी उभी धरून वाचायची, फळी झाडून पुन्हा नव्या थरावर ठेवायची. शिवाय मापकाच्या नळकांड्यात जो बर्फ पडला त्यात कोमट पाणी मोजून ओतायचं, सगळं वितळलं की एकूण मोजायचं आणि आपण ओतलेलं वजा करायचं. उरलं ते बर्फातलं खरं पाणी. पहाटे चारला, हातमोजे काढून, हे करताना बोटं कशी होतात ते विचारू नका. फळी किती वेळा झाडली यावर बेरीज बदलते, कारण दर तासाला झाडलीत तर दबायला वेळच मिळत नाही आणि आकडा फुगतो. म्हणून २४ तासांत जास्तीत जास्त चार वेळा, असा नियम. न्यूयॉर्क राज्यातल्या माँटेग्यू गावी जानेवारी १९९७ मध्ये २४ तासांत ७७ इंच मोजले गेले, पण वाचनं सहा घेतली होती म्हणून विक्रम नामंजूर झाला आणि कोलोरॅडोतल्या सिल्व्हर लेकचा एप्रिल १९२१ चा ७५.८ इंचांचा आकडा अमेरिकेच्या वहीत राहिला. इटलीतल्या काप्राकोत्ता गावाने ५ मार्च २०१५ ला १८ तासांत २५६ सें.मी.चा दावा केला, त्यालाही अधिकृत शिक्का नाही. तेव्हा मोबाइलवर "इतिहासातील सर्वाधिक" वाचलं की फळी कुणी झाडली ते आधी बघायचं, ही आमच्या धंद्याची सवय.

त्यातल्या पाण्याचं महत्त्व वजनात कळतं. ताजा, कोरडा बर्फ घनमीटरला साधारण १०० किलो. म्हणजे फूटभर थर पडला की छपराच्या दर चौरस मीटरवर ३० किलो. ओला, जुना, दबलेला बर्फ याच्या तिप्पट भरतो. वर पाऊस पडला तर बर्फ तो शोषून घेतो आणि आणखी जड होतो. पोलंडमध्ये कातोवित्सेजवळ २८ जानेवारी २००६ ला प्रदर्शनाच्या सभागृहाचं छप्पर बर्फाच्या भाराने कोसळलं, ६५ जण मेले. उतारावर तोच भार सुटला की हिमस्खलन. फेब्रुवारी २००५ मध्ये काश्मीरच्या कुलगाम भागातलं वाल्टेंगू नार हे गाव असंच गाडलं गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. तिथेही वाऱ्याचा हात असतो: डोंगराच्या एका बाजूचा बर्फ उचलून तो दुसऱ्या बाजूला रचतो, आणि तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार मिळाला की तो रचलेला थर घसरायला एक निमित्त पुरतं. आणि मृतांच्या आकड्यात आजवर सगळ्यांत वरचं बर्फाचं वादळ अमेरिकेत झालेलंच नाही. ते फेब्रुवारी १९७२ मध्ये इराणमध्ये झालं, सुमारे ४,००० माणसं गेली, गावंच्या गावं बर्फाखाली, आणि त्याआधी तिथे चार वर्षं दुष्काळ होता.

तापमानवाढीचा प्रश्न आता सोपा वाटेल. हवा एक अंश तापली की तिची वाफ धरायची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. जोरदार बर्फ उणे वीसला पडत नाही, तो पडतो शून्याच्या किंचित खाली, जिथे हवेत अजून पुष्कळ ओल असते. म्हणजे हिवाळा थोडा उबदार झाला पण शून्याच्या खालीच राहिला, तर एकेक वादळ जास्त ओल ओतू शकतं. महासरोवरांवरचं बर्फाचं आवरण १९७३ पासूनच्या नोंदींत एकूण घटत आलंय, जरी वर्षावर्षांत चढउतार प्रचंड आहेत. २०१४ च्या हिवाळ्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी गोठलं होतं आणि २०२४ मध्ये अगदीच थोडं. सरोवर जास्त काळ मोकळं राहिलं की बफेलोच्या पट्ट्याला चारा जास्त काळ मिळतो. पण जिथे पारा शून्याच्या काठावर होता तिथे बर्फाऐवजी पाऊस पडतो, हंगाम आखडतो. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग ऐन चिल्लई कलाँमध्ये, म्हणजे काश्मीरच्या कडाक्याच्या थंडीच्या चाळीस दिवसांत, उघडंबोडकं पडलं होतं, मातकट उतारांचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. बर्फ पार महिन्याच्या अखेरीला आला. कुठे जास्त बर्फ आणि कुठे कमी, दोन्हींमागे तापमानवाढ असू शकते; गुलमर्गला मात्र त्या वेळी विक्षोभही फारसे आले नव्हते. आर्क्टिक तापल्यामुळे थंडीच्या लाटा दक्षिणेकडे जास्त घसरतात का, यावर मात्र शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही, तेव्हा कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मान डोलावू नका.

आता तयारी. सगळ्यांत आधी जी गोष्ट सांगायची ती ग्वाल्हेरच्या घरात शिकता येते: सिगडी. दर हिवाळ्यात उत्तरेत कुठे ना कुठे बातमी असते, रात्री सिगडी पेटवून दार-खिडक्या बंद करून कुटुंब झोपलं आणि सकाळी उठलं नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही; डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं की थंडीनेच गळून गेल्यासारखं होतंय. बर्फात हाच वायू वेगळ्या रूपात भेटतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांच्या गाड्या रात्रभर बर्फात अडकल्या, वीसहून अधिक माणसं गाडीतच मेली, आणि त्याचं एक मोठं कारण हा वायू मानतात. हीटरसाठी इंजिन चालू, मागची धुराची नळी बर्फाने बंद, धूर आत. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये थंडीची लाट आली, ४५ लाख घरांची वीज गेली, सरकारी हिशेबाने २४६ मृत्यू झाले. त्यातही घरात जनरेटर, कोळशाची शेगडी, गॅरेजमध्ये चालू गाडी असे प्रकार होते. बर्फ तिथे काही विक्रमी नव्हता.

म्हणून गाडीत अडकलात तर हे पाठ हवं. गाडी सोडून चालत निघायचं नाही. उडत्या बर्फात वीस पावलांवरचं घर सापडत नाही. इंजिन तासातून दहाएक मिनिटंच चालवायचं, आणि दर वेळी चालू करण्याआधी उतरून मागची नळी हाताने मोकळी करायची. वारा लागत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी. बाकी वेळ गोधडी, एकमेकांना बिलगून, हातपाय हलवत. मनालीला जाताना डिकीत गोधड्या, पाणी, गजक, टॉर्च, एक फावडं ठेवा. गजक म्हणालो ते थट्टेने नाही. तीळ-गुळाइतकं थंडीत कामाला येणारं दुसरं काही इथून नेता येत नाही.

मनालीबद्दल एवढंच. डिसेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात सोलंग आणि अटल बोगदा यांच्या मधल्या पट्ट्यात शेकडो गाड्या अडकल्या होत्या. बोगदा २०२० मध्ये खुला झाल्यापासून लोकांना वाटतं रस्ता बारमाही झाला. बोगदा नऊ कि.मी.चा आहे, त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा चढ उघड्यावरच आहे. दुपारी वितळलेलं पाणी चार वाजल्यानंतर रस्त्यावर काचेसारखं गोठतं, ते डांबराच्या रंगाचंच दिसतं आणि त्यावर ब्रेक मारणं म्हणजे गाडी सोडून देणं. मैदानातला ड्रायव्हर कितीही तरबेज असो, तिथे स्थानिक गाडी करा. विक्षोभाचा इशारा असेल तर मनालीतच थांबा, आणि वर गेलात तर दुपारी दोनला परत फिरा. यजमानांना आवडणार नाही हे मला माहीत आहे.

लेकीसाठी बफेलोतलं. तिथे हवामान खातं तीन पायऱ्यांनी सांगतं: 'वॉच' म्हणजे येण्याची शक्यता आहे, किराणा-औषधं आणून ठेव, 'अ‍ॅडव्हायझरी' म्हणजे त्रासदायक पण निभेल, 'वॉर्निंग' म्हणजे आलंच, घरात बस. गाडीबंदी लागली की लागली, मित्राची गाडी चार चाकांनी ओढणारी असली तरी. तीन दिवसांचं न शिजवता खाता येईल असं खाणं, पॉवर बँक, टॉर्च. भाड्याच्या घरात पाऊल ठेवताच कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का आणि वाजतो का ते बघायचं. गॅसवर चालणाऱ्या हीटिंगची धुराची नळी पुष्कळ घरांत भिंतीतून खालीच निघते; बर्फ साचला की ती मोकळी आहे का ते घरमालकाला विचारायचं, नाहीतर स्वतः बघायचं. शेजारच्या काकांना बर्फ उपसायला मदत करायला ती जाईलच, आपल्या मुली जातात. तिला सांगा, पन्नाशीच्या माणसाला फावडं घेऊ देऊ नकोस. थंडीने रक्तवाहिन्या आवळतात, त्यात ओल्या बर्फाचं वजन, आणि सवय नसलेलं हृदय.

वाऱ्याचा हिशेबही शिकवा. पारा उणे १० असेल आणि वारा ताशी ३० कि.मी., तर उघड्या कातडीला ती उणे २० लागते. हा आकडा उणे २८च्या आसपास गेला की अर्ध्या तासात कान, नाक, बोटं गोठू शकतात. बोट पांढरं पडून बधिर झालं तर चोळायचं नाही, शेकायचं नाही. आत जाऊन कोमट पाण्यात धरायचं, आणि रंग परतला नाही तर डॉक्टर.

कपड्यांचं. ग्वाल्हेरच्या मेळ्यातून लोकरीचे स्वेटर, थर्मल खुशाल घ्या, आतल्या थरांना ते उत्तम. सुती बनियन आणि जीन्स तिथे वैरी, घाम किंवा बर्फ शोषून ओले राहतात. सगळ्यात वर वारा अडवणारं जाकीट हवं, ते इथल्या जाड लोकरी कोटाने होत नाही. कितीही जाड असला तरी वारा त्यातून आरपार जातो. जाकीट आणि बूट तिकडे गेल्यावरच घ्यायचे, पहिल्याच दोन दिवसांत. बुटाचा तळ मऊ रबराचा, खोल खाचांचा असावा. आपल्याकडच्या बुटांचा तळ थंडीत कडक होतो आणि घसरतो. एक माप मोठे घ्यावेत, जाड मोजा घालूनही बोटं हलली पाहिजेत. विमानतळावर उतरल्यापासून ते दुकानापर्यंतच्या प्रवासासाठी दोन लोकरी मोज्यांवर स्पोर्ट्सचे बूट चालतील, सामानात अजून एक कोरडी जोडी वरच ठेवा.